झाडं न टाकता चिलटं घालवली : एका घराची आठ आठवड्यांची केस

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, बारा दिवसांनी ते घरी आले, आणि घरी आल्यावर त्यांची पहिली तक्रार दुखण्याची नव्हती, चिलटांची होती. "अरे, डोळ्यात जातायत बघ ही." उताणं झोपायचं, कूस बदलायची परवानगी नाही, आणि संध्याकाळी उशाजवळचा दिवा लावला की पाच-सात बारीक काळी चिलटं तोंडाभोवती, एक चष्म्याच्या काचेवर, एक नाकपुडीशी, आणि पाण्याच्या ग्लासात एखादं पडलेलं असायचंच. चालत्याफिरत्या माणसाला चिलटं म्हणजे काय, हाताने वारलं की संपलं, पण ज्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही त्याचा जीव किती मेटाकुटीला येतो ते मी तेव्हा रोज बघत होतो. म्हणून हे प्रकरण मी पहिल्यापासून वहीत लिहून ठेवलं, कुठल्या दिवशी काय केलं आणि किती चिलटं सापडली ते सगळं, आणि तेच इथे मांडतोय. कुणाच्या घरात आजारी माणूस असेल, लहान बाळ असेल, आणि फवारणी करता येत नसेल तर कामाला येईल.

घरातली परिस्थिती

घरात आई, बाबा, मी, आणि ताई येऊन-जाऊन. कुंड्या एकूण नऊ, त्यातल्या चार बाबांच्या खोलीच्या खिडकीत, तीन हॉलमध्ये, दोन बाल्कनीत. झाडं सगळी आईची. ऑपरेशनच्या साधारण तीन आठवडे आधी आईने पीस लिली, फर्न आणि मनी प्लांट मोठ्या कुंड्यांमध्ये हलवले होते, नवीन विकतची माती आणून, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत मिसळलेली तयार पिशवी मिळते ती. आणि आम्ही सगळे हॉस्पिटलमध्ये होतो त्या बारा दिवसांत शेजारच्या काकूंनी झाडांना पाणी घातलं, रोज, न चुकता, अगदी मायेने. हे दोन्ही मुद्दे मला खूप उशिरा सुचले, पण केस समजायला तेच महत्त्वाचे आहेत म्हणून आधीच सांगून टाकतो.

फवारणीवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला खोली काही तास पूर्ण रिकामी करावी लागेल. बाबांना हलवणं शक्यच नव्हतं. धूर, अगरबत्ती, कॉइल वगैरे पण नको, ऑपरेशननंतर खोकला आला तरी टाके ओढले जातात. म्हणजे विष नको, धूर नको, माणूस हलणार नाही, या तीन अटींमध्येच काय ते करायचं होतं.

पहिला आठवडा व्हिनेगरमध्ये गेला

चिलटं म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं ते पिकलेलं फळ. आणि ओट्यावर फळांच्या टोपलीपाशी खरंच थोडी फिरत होती, म्हणून मी धरूनच चाललो की तीच बाबांच्या खोलीत जातायत. एका वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, असे दोन सापळे लावले, एक स्वयंपाकघरात आणि एक बाबांच्या उशाशी. लिक्विड कशाला, तर नुसत्या व्हिनेगरवर हे हलके किडे पाण्यावर टेकावं तसे टेकतात आणि उडून जातात, लिक्विडमुळे पृष्ठताण मोडतो आणि ते बुडतात.

स्वयंपाकघरातल्या वाटीत दुसऱ्या दिवशी वीसेक बुडालेली. बाबांच्या खोलीतल्या वाटीत दोन दिवसांनी एक. मी वाटी बदलली, व्हिनेगर बदललं, जागा बदलली, तरी तेच. वाटीवरून ती उडत जायची पण आत उतरायची नाहीत. खरं तर उत्तर तिथेच होतं, जो किडा आंबलेल्या वासाला अजिबात विचारत नाही तो फळमाशी असूच शकत नाही, पण मी आणखी चार दिवस वाट्याच बदलत बसलो.

त्या दिवसांत ताईला वाटलं की सगळं सिंकमधून येतंय. तिने ब्लीचची बाटली आणली आणि सिंकमध्ये ओतायला निघाली, आणि तिथेच शेजारी माझी व्हिनेगरची वाटी, जी मी नुकतीच सिंकमध्ये रिकामी करणार होतो. मी धावत जाऊन थांबवलं. हे नीट वाचा, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, डोळे आणि छाती जाळणारा, आणि शेजारच्या खोलीत एक माणूस बेडवरून उठू शकत नाही. चिलटांसाठी लोक एका दिवशी चार उपाय करतात, एकावर एक, आणि खरा धोका तिथेच आहे. तसंही ब्लीच नळीतून सरसर वाहून जातं, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थराला वरवर लागतं आणि त्यातल्या अळ्या तशाच राहतात, तो थर ब्रशने घासूनच काढावा लागतो. उकळतं पाणी पण ओतू नका, पाइप पीव्हीसीचे असतील तर नरम पडतात आणि सांधे सुटतात.

तीन किडे, तीन घरं

मग मी ठरवलं की आता एकही उपाय नाही, आधी ओळख. घरात दिसणारी बारीक चिलटं (कोणी केमरं म्हणतं, कोणी घुंगुरटं) दिसायला सारखी पण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतात, आणि प्रत्येकाचं जन्मायचं ठिकाण वेगळं असतं.

फळमाशी बुटकी, गुटगुटीत, पिवळट-तपकिरी, आणि बऱ्याचदा डोळे लाल. ती फळं, कचऱ्याचा डबा, न धुतलेली बाटली, ओलं फडकं अशा आंबणाऱ्या गोष्टींत अंडी घालते, आणि उबदार हवेत दहा दिवसांत अंड्याची माशी होते. मोरीतली माशी बघताक्षणी कळते, केसाळ पंख, बसली की छोट्या पतंगासारखी, बदामाच्या आकाराची दिसते, आणि ती भिंतीवर बसून राहते, फार उडत नाही. तिसरी म्हणजे मातीतली चिलटं, इंग्रजीत फंगस नॅट म्हणतात ती, बारीक, काळपट, लांब पाय, लांब मिशा, अगदी छोट्या डासासारखी पण चावत नाही. ही ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर वाढतात.

तपासायला फार काही लागत नाही. रात्री झोपताना सिंकच्या आणि बाथरूमच्या जाळीवर चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली, आणि हवा खेळायला थोडी फट ठेवून, तीन रात्री ओळीने. पट्टी स्वच्छ निघाली, म्हणजे मोरी सुटली. मग बाबांच्या दिव्याजवळ चिकटपट्टीवर एक चिलट पकडलं आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून फोटो काढला. लांब मिशा, आणि पंखाच्या शिरेला टोकाकडे फाटा, इंग्रजी वाय अक्षरासारखा. हा वाय दिसला की विषय संपला, मातीतलीच. स्वयंपाकघरातल्यांचे डोळे लाल होते. म्हणजे घरात एकाच वेळी दोन वेगळ्या जाती होत्या आणि मी दोघांना एकच समजून एकच औषध देत होतो.

स्वयंपाकघराचं चार दिवसांत मिटलं. फळं झाकली, कचरा रोज रात्री बाहेर, डब्याचा तळ धुतला, वाटी चालू ठेवली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बटाट्याची फोड

आता नऊपैकी कुठल्या कुंड्या? कारण आई तोपर्यंत म्हणायला लागली होती, "सगळीच देऊन टाकू कुणाला तरी, तुझ्या बाबांपेक्षा झाडं मोठी आहेत का?" आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. काही झाडं तिच्याकडे माझ्या लहानपणापासून आहेत.

यासाठी जी युक्ती आहे ती मला फार आवडली. कच्च्या बटाट्याची साधारण एक सेंटिमीटर जाड फोड करायची आणि मातीवर दाबून ठेवायची. अळ्या त्या ओलसर फोडीकडे येतात. दोन-तीन दिवसांनी उलटून बघायचं. मी नऊही कुंड्यांत ठेवल्या, वर नंबर टाकून. तिसऱ्या दिवशी आई आणि मी टॉर्च घेऊन बसलो. सहा फोडी स्वच्छ. पीस लिली, फर्न, मनी प्लांट, या तिघांखाली पांढऱ्या पारदर्शक दोऱ्यासारख्या अळ्या, पुढे चकचकीत काळं डोकं. फर्नखाली तर इतक्या की आईने मान फिरवली. तीनही कुंड्या त्याच, नव्या मातीच्या. आणि त्यातल्या दोन बाबांच्या खिडकीत. तेव्हा मला ती पिशवीची माती आणि काकूंचं रोजचं पाणी, दोन्ही आठवलं. काकूंना यातलं काही सांगितलं नाही, गरजही नव्हती. घरातल्या झाडाला रोज पाणी घालणारा माणूस प्रेमानेच घालत असतो.

मारण्यापेक्षा हिशोब महत्त्वाचा

या किड्याचं गणित समजल्याशिवाय कुठलाच उपाय पटत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. मादी मातीच्या वरच्या थरात अंडी घालते, शंभर-दोनशेपर्यंत. चार-सहा दिवसांत अळी, अळी साधारण दोन आठवडे खाते, मग चार-पाच दिवस कोष, मग उडणारं चिलट, ते आठ-दहा दिवस जगतं. म्हणजे एक फेरा तीन ते चार आठवड्यांचा. आता यात उडणारा भाग किती? शेवटचे आठ-दहा दिवस. आपल्याला फक्त तेवढंच दिसतं आणि आपण तेवढ्यावरच तुटून पडतो, रॅकेटने मारतो, स्प्रे मारतो, आणि तेव्हा मातीत पुढच्या दोन आठवड्यांचा साठा शांतपणे खात बसलेला असतो. फवारणीवाला आला असता तरी चार दिवसांनी परत तीच गत झाली असती. आणि याचा दुसरा अर्थ असा की खरा उपाय आज सुरू केला तरी पहिले दहा-पंधरा दिवस चिलटं दिसतच राहणार, कारण कोषात गेलेली बाहेर येणारच. बहुतेक लोक नेमके इथेच कंटाळून उपाय सोडतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही.

बाबांना मात्र पंधरा दिवस थांबा म्हणून चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी केल्या. पायथ्याशी टेबल फॅन, सगळ्यात कमी स्पीडवर, तोंडाच्या थोडा वरून वारा जाईल असा. ही चिलटं उडण्यात इतकी कमजोर असतात की तेवढ्या वाऱ्यात पण टिकत नाहीत. आणि उशाजवळचा दिवा काढून खिडकीशी लावला, त्याच्याखाली पिवळं चिकट कार्ड, कारण ती उजेडाकडे जातात आणि पिवळ्या रंगावर येऊन बसतात. त्या रात्री बाबा सलग झोपले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपाय तो फॅनच, एक पण चिलट त्याने मेलं नाही तरी.

मातीचा उपाय

तिन्ही कुंड्या होत्या तिथून काढून बाल्कनीच्या एका कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब. मग पाणी बंद. अंडी आणि अळ्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये असतात, आणि तो थर कोरडा पडला की त्या सुकतात, नवीन मादीला पण कोरडी माती नको असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आणि ते पण खालून, म्हणजे कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवायची आणि नंतर उरलेलं पाणी टाकून द्यायचं. खालच्या बशीत पाणी साचू द्यायचं नाही.

मनी प्लांटने हे आरामात सोसलं. पीस लिली पाचव्या दिवशी अशी मान टाकून पडली की आई रडवेली झाली, पण टबात ठेवल्यावर चार-पाच तासांत उभी, या झाडाचा स्वभावच तसा आहे, तहान लागली की नाटक करतं पण मरत नाही. फर्नचं तसं नाही, ते कोरडं ठेवलं की कडेकडेने वाळायला लागतं. म्हणजे तिथे नुसतं सुकवून भागणार नव्हतं.

म्हणून बीटीआय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, हा एक जिवाणू आहे, १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला, आणि आता डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्यांसाठी जगभर वापरतात. तो अळीने खावा लागतो. तिच्या पोटातल्या अल्कलीत त्याचे स्फटिक विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात, एक-दोन दिवसांत अळी मरते. आपल्या पोटात आम्ल असतं, तिथे हा प्रकार होत नाही. घेताना लेबल नीट बघा, कारण याच जिवाणूचा कुर्स्टाकी नावाचा भाऊ पण विकायला असतो आणि तो पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी आहे, मातीतल्या चिलटांना काही करत नाही. मी पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तेच पाणी तिन्ही कुंड्यांना दिलं. मातीत तो फार दिवस टिकत नाही आणि अंडी किंवा कोष यांच्यावर चालत नाही, म्हणून एकदा घालून उपयोग नाही, चार आठवडे प्रत्येक पाण्याबरोबर घातलं. फक्त एवढंच की हे पाणी द्यायचं वरून, खालून दिलं तर जिथे अळ्या आहेत तिथे पोचायला वेळ लागतो.

दोन गोष्टी करून सोडल्या. मातीवर जाड वाळूचा थर दिला होता, आठवड्याने काढला, कारण खालची माती ओली की कोरडी तेच दिसेना, आणि वरून पाणी द्यायचं असेल तर वाळू निरुपयोगी. दुसरं, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एकास चार पाण्यात मिसळून मनी प्लांटला एकदा दिलं, फसफसलं, काही अळ्या वर आल्या पण, पण त्याने मातीतले चांगले जीव पण जातात, आणि आईला ते आवडलं नाही. बटाट्याची फोड मात्र चालू ठेवली, दर तीन दिवसांनी नवी, जुनी अळ्यांसकट पिशवीत बांधून बाहेर. कॉफीचा चोथा घाला असं बऱ्याच जणांनी सुचवलं, ते करू नका, ओला चोथा म्हणजे बुरशीला खाद्य आणि बुरशी म्हणजे यांना खाद्य.

आकडे

दर रविवारी खिडकीतलं कार्ड मोजायचं आणि नवीन लावायचं. कार्ड लावल्यापासूनचा पहिला आठवडा ६१. दुसरा ५८, आणि इथे ताई म्हणाली बघ काही होत नाहीये, पण मला माहीत होतं की ही कोषातली आहेत. तिसरा २७. चौथा ६. बाबा तेव्हा वॉकर धरून खोलीत चार पावलं टाकायला लागले होते, आणि कार्ड मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, खिडकीपर्यंत चालत जायला तेवढंच निमित्त.

पाचवा आठवडा १९.

मी खूप निराश झालो. तिन्ही कुंड्यांत नव्या फोडी ठेवल्या, पीस लिली आणि मनी प्लांट स्वच्छ, फर्नमध्ये दोन-तीन. एवढ्याशांतून १९ येणं शक्य नाही. बाकीच्या सहा परत तपासल्या, काही नाही. मग घरात ओली माती आणखी कुठे असेल हा प्रश्न घेऊन मी आणि आई एकेक कोपरा बघत गेलो, आणि बाल्कनीच्या दारामागे, बादलीच्या आड, ती पिशवी. नव्या मातीची उरलेली अर्धी, तोंड नुसतं दुमडलेलं, आणि कपडे धुताना उडणारं पाणी महिनाभर तिच्यावर पडत होतं. उघडली तर वरचा थर काळा-ओला, बुरशीचे पांढरे धागे, आणि आतून दहा-बारा चिलटं तोंडावर आली. माझ्या मते सुरुवात पण तिथूनच झाली असणार, तिन्ही कुंड्यांत हीच माती होती आणि बाकीच्या सहांत नव्हती. पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, गाठ मारून, त्याच मिनिटाला घराबाहेर.

सहावा आठवडा ५. सातवा १. आठवा ०, आणि बाबांनी ते कार्ड दोन्ही बाजूंनी भिंग लावून बघितलं आणि मगच वहीत शून्य लिहिलं.

आता काय चालू आहे ते सांगतो. नवीन झाड किंवा नवीन माती आली की चार आठवडे बाल्कनीत वेगळी, शेजारी पिवळं कार्ड लावून, कारण एक फेरा तेवढ्याचा असतो आणि लपलेलं जे काही असेल ते तेवढ्यात उडून दिसतं. उरलेली माती घट्ट झाकणाच्या डब्यात. पाणी घालायचे दिवस आईने एका कागदावर लिहून दारावर लावलेत, झाडानुसार, म्हणजे आम्ही नसताना काकूंना नुसता कागद बघायचा. पीस लिली आणि मनी प्लांट बाबांच्या खिडकीत परत गेले. फर्न अजून बाहेरच आहे, त्याच्या कार्डावर मागच्या रविवारी दोन होती, त्यामुळे त्याचं बीटीआय चालू आहे आणि आई रोज सकाळी जाऊन त्याच्याशी बोलून येते.